दाजींनी काढलेला बाप

दाजी आंबेरकरांना डावं-उजवं कळत नसे. हे मी थट्टेनं सांगत नाही. पस्तिशी गाठलेला, बायकामुलांचा, चार माणसांत मान असलेला हा गृहस्थ. पण रस्त्यात कुणी ‘इथून उजवीकडे वळा’ म्हणालं की जागच्या जागी उभा राहायचा. दोन्ही हात पुढे धरून बघायचा, जेवतो तो हात कुठला हे आठवायचा आणि मग वळायचा. एवढं करूनही निम्म्या वेळा चुकायचाच.

दोष त्यांचा नव्हता, धंद्याचा होता. गिरगावात फणसवाडीच्या तोंडाशी आमचा शिळाछापखाना होता. मी तिथं मुद्रितं तपासायला होतो आणि दाजी शिळेवर लिहायला आणि चित्रं काढायला. शिळाछापाचं काम असं, की घोटून गुळगुळीत केलेल्या दगडावर चिकट शाईनं जे काढायचं ते सगळं उलटं काढायचं, तेव्हा कागदावर ते सुलटं उठतं. दाजी सोळा-सतरा वर्षं उलटं लिहीत होते. पंचांगं, पोथ्या, लग्नपत्रिका, देवादिकांच्या तसबिरी. कृष्णाची बासरी कागदावर उजवीकडे यायची तर दगडावर ती डावीकडे, आणि रामाच्या डाव्या बाजूला सीता बसायची तर दगडावर उजव्या. दिवसभर असं जग फिरवून ठेवल्यावर माणसाला संध्याकाळी घरी जाताना रस्ता सुलटा कसा दिसावा?

एकदा ते गणपतीच्या देवळात उलटी प्रदक्षिणा घालायला लागले. समोरून येणारी माणसं अडखळली, एका म्हातारीच्या हातातलं तबक कलंडलं. गुरव ओरडला, “अहो, असं कुठं जाता?”

दाजी थांबले. “का? काय झालं?”

“उलटे चाललात तुम्ही!”

“असं म्हणता?” दाजी म्हणाले. “मग तसंच असेल.” आणि निमूटपणे वळले.

‘असं म्हणता? मग तसंच असेल’ हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मालक रागावले, शाई पातळ झाली, भाजीवालीनं भाव चढवला, सगळ्याला एकच उत्तर. मला पहिल्यांदा वाटायचं, या माणसाला स्वतःचं असं काही मतच नाही. पुढे वाटायला लागलं की आहे, पण ते त्यांना स्वतःलाच नीट ठाऊक नसावं. नक्की काय ते मला आजही सांगता येणार नाही. दाजींच्या बाबतीत माझं नेहमी असंच होतं. आठवतं सगळं, उमगत मात्र अर्धंच.

त्यांचे थोरले बंधू तात्या परळच्या एका गिरणीत कारकून होते. एकदा तात्यांचा चष्मा घरी राहिला, म्हणून दाजी तो पोचवायला निघाले. सकाळी नऊला निघालेला माणूस दुपार टळून गेल्यावर तंगड्या चिखलानं माखून छापखान्यात आला. शिवडीच्या खाजणात जाऊन पोचले होते. तिथं एक कोळीण जाळं सुकवत होती, तिला म्हणे यांनी गिरणीचा पत्ता विचारला. “ती हसली हो, मास्तर,” दाजी मला सांगत होते. मी पूर्वी शाळेत शिकवत असे म्हणून ते मला मास्तर म्हणत. “म्हणाली, ‘परल तं मांगं रेलं रं दादा!’ मग मी मागं वळलो.”

“आणि चष्मा?”

दाजींनी खिशात हात घातला. चष्मा खिशातच होता. मागं वळून ते थेट गिरगावातच आले होते.

आम्ही एकाच चाळीत राहत होतो. दुसऱ्या मजल्यावर टोकाची एक खोली माझी, आणि तिच्या शेजारच्या दोन खोल्यांत आंबेरकरांचं कुटुंब. वडील आबा, तात्या आणि त्यांची बायको, म्हणजे मोठ्या वहिनी, त्यांचा पाच वर्षांचा विष्णू, आणि दाजी, त्यांची बायको, त्यांची तीन वर्षांची मुलगी बयो. आबा कोकणात मामलेदार कचेरीत नोकरी करून निवृत्त झाले होते. बायको वारल्यावर मुलांकडे मुंबईला आले. ते दिवसभर गॅलरीत आरामखुर्ची टाकून बसत. फारसं बोलत नसत. पण ते बसले आहेत एवढ्यानं गॅलरीतल्या सगळ्यांचा आवाज खाली येई.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आजच्या मुलांना ती खोटीही वाटेल. त्या काळी वडीलधाऱ्यांसमोर आपलं स्वतःचं मूल उचलून घ्यायचं नाही अशी रीत होती. तो निर्लज्जपणा समजत. भावाचं मूल घेतलेलं चाले, बहिणीचं चाले, शेजाऱ्याचंही चाले. आपलं घ्यायचं नाही. त्यामुळे आंबेरकरांच्या घरी रोज संध्याकाळी एक विचित्र देखावा दिसे. तात्या गिरणीतून आले की बयोला कडेवर घेऊन गॅलरीत फेऱ्या घालत, तिला घोड्यांची ट्राम दाखवत. आणि दाजी छापखान्यातून आले की विष्णूला खांद्यावर बसवत. दोन्ही भाऊ समोरासमोर येत, दोघांच्या अंगाखांद्यावर एकमेकांची मुलं, आणि मध्ये खुर्चीत आबा. कुणालाही त्यात काही वावगं वाटत नसे. बयो कधी दाजींकडे बघून दोन्ही हात वर करी. मग दाजी हात पाठीमागे बांधत आणि वरच्या कौलांकडे असे टक लावून बघत, जणू तिथं काही गळतंय.

जिन्यात मात्र वेगळे दाजी होते. मोठ्या वहिनी बयोला घेऊन खाली विहिरीवर गेल्या आणि दाजी नेमके तेव्हाच घरी येत असले, तर दाजी तिला त्यांच्याकडून घेत आणि पहिल्या मजल्यापासून दुसऱ्यापर्यंतच्या त्या अंधाऱ्या जिन्यात अगदी सावकाश चढत. एकेका पायरीवर थांबत. मी दोन-तीनदा मागून चढताना पाहिलंय. तिच्या केसांत नाक खुपसलेलं असे. दुसऱ्या मजल्याची शेवटची पायरी आली की तिला खाली ठेवत, आणि पुढे एकटे गॅलरीत जात. ती मागून तुरुतुरु चालत येई, या माणसाकडे बघत, की हा आत्ताच काय होता आणि आता काय झाला.

घरात तिच्या कानांवर बापाचं नावही पडत नसे. आईनं तर नवऱ्याचं नाव घ्यायचंच नाही. ती म्हणायची, ‘ते आले’, ‘त्यांना पाणी दे’, ‘ते रागावतील हां’. बयोही तसंच म्हणायला शिकली. दाजी आले की ती दारातून ओरडे, “ते आले!” ‘ते’ म्हणजे नक्की कोण, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

एक दिवस चाळीत देवी टोचणारा आला. सरकारी माणूस, बरोबर नोंदवही आणि एक शिपाई. गॅलरीत मुलांच्या रांगा लागल्या, रडारड सुरू झाली. सुट्टीचा दिवस होता, म्हणून पुरुषमंडळी घरीच होती. बयोची पाळी आली.

“मुलीचा बाप कोण? धरा हिला,” तो म्हणाला.

आबा खुर्चीत बसले होते. दाजी भिंतीशी उभे होते, कडेवर विष्णू. ते जागचे हलले नाहीत.  टोचणारा वैतागला आणि खाली वाकून बयोलाच विचारता झाला, “बाळ, तुझे बाबा कुठं आहेत?”

बयो धावत गेली आणि तात्यांच्या पायांना मिठी मारली.

बायका हसल्या. तात्या गोंधळून म्हणाले, “अगं, मी नाही...” आणि आबांकडे बघून गप्प बसले. हसावं की खुलासा करावा, त्यांना कळेना. टोचणाऱ्याला वेळ नव्हता. त्यानं तात्यांना नाव विचारलं, तात्यांनी सवयीनं सांगितलं, त्यानं वहीत बयोच्या नावापुढे बापाच्या रकान्यात ते लिहिलं आणि पुढच्या मुलाकडे वळला. इतकं झटकन झालं, की खोडून घ्यायला कुणी तोंड उघडेपर्यंत तो खाली पोचला होता.

संध्याकाळी जिन्यात दाजींनी मला गाठलं. “मास्तर, ते आता सरकारात जाणार का हो?”

“काय?”

“वहीतलं.”

“जाईल कुठंतरी दप्तरात. कोण बघतंय? उद्या जाऊन बदलून घ्या.”

“हं,” दाजी म्हणाले. “पण तिनंच सांगितलं ना? मुलगी खोटं कशाला सांगेल?” आणि माझ्याकडे असे बघत राहिले, जणू या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी असायला हवं. ते वही बदलून घ्यायला कधी गेले नाहीत.

त्याच सुमारास आमच्या मालकांच्या मनात आलं की लहान मुलांसाठी एक चित्रांचं पुस्तक काढावं. मोठ्या अक्षरांत दोन-दोन ओळी, वर चित्र. विषय आईची माया. आई बाळाला न्हाऊ घालते, भरवते, निजवते. दिवाळीला चांगलं खपेल, मुलींच्या शाळांत बक्षिसाला देतील. ओळी करायचं काम माझ्याकडे आलं. ‘आई भरवी दहीभात, बाळ धरी तिचा हात’, असल्या सोळा जोड्या मी दोन दिवसांत जुळवल्या. आज त्या आठवल्या की कान गरम होतात. चित्रं दाजींकडे.

दाजी कधी नव्हे इतके रमले. एरवी पाच वाजले की हात धुणारा माणूस शिळेवरून उठेना. मला वाटलं, काम मनासारखं मिळालंय. तीन आठवड्यांनी पहिले ठसे निघाले आणि तपासायला माझ्या मेजावर आले. मी ओळींतल्या चुका बघतो, चित्रांकडे माझं लक्ष नसतं. मालक मागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी माझ्या खांद्यावरून बोट घातलं.

“हा कोण?”

पहिल्या चार चित्रांत आई होती. पाचव्यापासून आई नव्हती. तिच्या जागी एक बाप्या होता. चांगला मिशीवाला, उपरणं खांद्यावर टाकलेला. मांडी घालून बाळाला भरवत होता. पुढल्या चित्रात बाळाच्या डोळ्यात गेलेलं कुसळ फुंकर घालून काढत होता. मग पायांतला काटा, मग आंघोळ. एका चित्रात मूल त्याच्या मांडीवर झोपलं होतं आणि त्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. तसं लिहिलेलं कुठं नव्हतं, पण पायाची बोटं अशी आखडून काढली होती की बघणाऱ्याला आपलाच पाय हलवावासा वाटे.

मालकांनी दाजींना हाक मारली. “दाजी, हे काय आहे?”

“बाप आहे.”

“बाप कशाला? मजकूर वाचलात का? ‘आई भरवी दहीभात’ आणि वर मिशा! लोक काय म्हणतील? आई कुठं गेली? मेली का?”

“नाही. आत असेल. स्वयंपाकघरात.”

“अहो, चित्रात स्वयंपाकघर कुठं आहे?”

“दिसत नाही,” दाजी म्हणाले. “पण असेल.”

मालकांना हसूही येत होतं आणि रागही. ते माझ्याकडे वळले. मी पुन्हा ओळींत डोकं घातलं. शेवटी त्यांनी सौम्यपणे विचारलं, “पण का काढलंत असं? सांगा तरी.”

दाजींनी बराच विचार केला. “आईचं सगळ्या मुलांना ठाऊकच असतं,” ते म्हणाले. “ते पुस्तकात कशाला दाखवायचं?”

मालकांनी हातातला ठसा खाली ठेवला. मग म्हणाले, “ते खरं असलं तरी घेणारा आजोबा असतो, दाजी. तो असलं पुस्तक घरात आणणार नाही. बारा शिळा पुसा आणि आई काढा.”

“असं म्हणता? मग तसंच असेल.”

शिळा पुसायची म्हणजे एका दगडावर दुसरा दगड ठेवून मध्ये वाळू आणि पाणी घालून घासत राहायचं, चित्र नाहीसं होईपर्यंत. पुसण्याआधी दाजींनी त्या बारांचा एकेक ठसा रद्दी कागदावर काढून घेतला. दुसऱ्या दिवशी ते कागद घेऊन माझ्याकडे आले. शिवायला दाभण आणि दोरा हवा होता.

“खाली ओळी लिहू का?” मी विचारलं. “आईच्या जागी बाबा घालून?”

“नको. तिला वाचता कुठं येतं?”

शिवता शिवता मी सहज विचारलं, “दाजी, हे सगळं तुम्ही कधी केलंत? कुसळ काढणं, न्हाऊ घालणं?”

“कधीच नाही,” ते म्हणाले. “म्हणून तर काढायला इतका वेळ लागला.”

छापलेलं पुस्तक दिवाळीला निघालं. सोळाही चित्रांत आई होती आणि ते बरं खपलं. फक्त पुढच्या बारा चित्रांतल्या आयांचे हात जाड पेरांचे आणि नखांत शाई गेल्यासारखे दिसत. ते कुणाच्या लक्षात आलं की नाही, देव जाणे.

शिवलेलं पुस्तक दाजींनी एका रविवारी सकाळी घरी नेलं. माझ्या दारातून मला सगळं दिसत होतं. त्यांनी ते गॅलरीत बयोच्या पुढ्यात ठेवलं आणि स्वतः दोन हात लांब जाऊन उभे राहिले, परीक्षेला बसवलेल्या मुलाच्या बापासारखे. बयोनं पहिलं पान उघडलं. दुसरं उघडलं. तिचा चेहरा फुलला. चित्रातल्या माणसावर बोट ठेवून ती ओरडली, “तात्या!”

 तात्या आतून आले, पुस्तकात डोकावले आणि पुरते गोंधळले. “मी? अरे दाजी, मला कशाला काढलंस?” मोठ्या वहिनी पदर तोंडाला लावून हसत म्हणाल्या, “नाक काही तुमचं नाही हो.” दाजींची बायको दारामागे उभी होती. तिला ठाऊक होतं चित्रात कोण आहे ते. ती वाकून बयोच्या कानात म्हणाली, “अगं, तात्या नव्हेत. हे ते.”

“ते?”

“हो. ते.”

बयोनं चित्राकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं आणि मान हलवली. पटलं नाही.

“इकडे आणा,” आबा खुर्चीतून म्हणाले.

 मोठ्या वहिनी आत गेल्या. तात्यांनी पुस्तक नेऊन आबांच्या हातांत दिलं. मला वाटलं, आता ते फाडतील. दाजींनाही तसंच वाटलं असावं, कारण ते अर्धं पाऊल पुढे आले आणि थांबले. आबांनी चष्मा लावला. बाराही पानं एकेक करून पाहिली, पुन्हा पहिल्यापासून पाहिली. 

“हा मी आहे,” ते म्हणाले.



“हे कपाळ माझं. भुवया माझ्या.” आबांचा आवाज चढलेला नव्हता, त्यांनाच कोडं पडल्यासारखा होता. “आणि हा मांडीवर तू. होय ना?”

दाजींनी तोंड उघडलं. ‘नाही’ म्हणायला उघडलं असावं. पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून ते तसेच राहिले.

“दाजी, मी तुला असं घेतलं होतं कधी?”

“मला आठवत नाही, आबा. लहान होतो.”

“मला आठवतं. नव्हतं घेतलं.” आबांनी चष्मा काढला. “आमचे वडील ओटीवर बसलेले असायचे. रोज. तू रांगत यायचास माझ्याकडे. मी कचेरीचं दप्तर उघडून बसायचो. कोरं असायचं दप्तर.” त्यांनी विचारलं, “मग जे झालंच नाही ते काढलंस कशाला?”

 दाजी म्हणाले, “असं झालं असतं... म्हणून.”

आबांनी पुस्तक मिटलं. परत मात्र दिलं नाही. आत नेऊन स्वतःच्या उशाशी ठेवलं.

त्या दिवसापासून दुपारी बयो आबांजवळ बसून ते पुस्तक बघू लागली. आबा तिला बोट ठेवून समजावून सांगत, “हा मी. आणि हे बाळ म्हणजे तुझा बाप.” त्यामुळे बयोच्या डोक्यातला गुंता आणखी वाढला. आता कुणी विचारलं की तुझे बाबा कुठं, तर ती आत पळत जाई, पुस्तक आणी आणि मांडीवरचं बाळ दाखवी.

“निदान पुस्तकात आहे कुठंतरी,” दाजी मला म्हणाले. ते हसत होते की काय, मला ठरवता आलं नाही. रीत मात्र बदलली नाही. तात्यांच्या कडेवर बयो, दाजींच्या खांद्यावर विष्णू, मध्ये आबा.

पुढच्या वर्षी मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग आला. आधी मांडवीकडे, मग सगळीकडे. दारांवर खुणा पडू लागल्या, सकाळी ज्याच्याशी बोललो तो संध्याकाळी नाही, असं होऊ लागलं. ज्याला गाव होतं तो गावाकडे पळू लागला. आमच्या चाळीत निम्म्या खोल्यांना कुलपं लागली. आंबेरकरांनी ठरवलं, की आबा, दोघी बायका आणि मुलं यांना घेऊन तात्यांनी कोकणात जायचं. गिरणी नाहीतरी अर्धी बंद होती. दाजींनी मुंबईत राहायचं, कारण पाडव्याच्या पंचांगाच्या शिळा अर्ध्या झाल्या होत्या आणि मालकांकडे दुसरा लिहिणारा उरला नव्हता.

पोचवायला मीही भाऊच्या धक्क्यावर गेलो. तिथली गर्दी मी आयुष्यात पुन्हा पाहिली नाही. ट्रंका, वळकट्या, रडणारी मुलं, आजारी आहे हे लपवणारी माणसं. डॉक्टरचा माणूस एकेकाची काख चाचपून सोडत होता. तात्या सामान घेऊन पुढे चढले, बायका त्यांच्यामागून. आबांना दोघा खलाशांनी धरून फळीवरून बोटीत नेलं. धक्क्यावर राहिले दाजी, मी आणि दोन मुलं. दाजींनी आपली छत्री माझ्या हातात दिली. मुलांना फळीवरून पलीकडे नेऊन द्यायचं आणि परत यायचं, एवढंच काम होतं. फळी हलत होती. मागून लोक ढकलत होते. बयो भेदरून उभी होती.

बोटीच्या कठड्याशी आबा मागे वळले. “दाजी! उचल तिला! चेंगरेल!”

दाजी वाकले आणि त्यांनी विष्णूला उचललं.

मला वाटतं, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. हातांना जी सवय होती ते हातांनी केलं. विष्णूला कडेवर घेऊन ते फळीकडे वळलेसुद्धा.

“तो नव्हे रे!” आबा एवढ्या मोठ्यांदा ओरडले की आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. ज्या माणसाचा आवाज मी कधी गॅलरीच्या टोकापर्यंत पोचलेला ऐकला नव्हता, तो साऱ्या धक्क्यासमोर ओरडत होता. “तो नव्हे! तुझी! तुझी घे!”

दाजींनी विष्णूला खाली ठेवलं. मी पुढे होऊन त्याचा हात धरला. दाजी बयोपुढे उभे राहिले. आबांकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी तिला उचललं. भर दुपारच्या उन्हात, बापासमोर, भावासमोर, शेकडो माणसांसमोर. बयो रडली नाही. ती मान मागे करून त्यांचं तोंड निरखीत राहिली, इतक्या उजेडात इतकं जवळून तिनं ते कधी पाहिलं नव्हतं. ते फळीवरून गेले. मी विष्णूला एका खलाशाकडे दिलं, त्यानं त्याला पोत्यासारखा पलीकडे पोचवला.

भोंगा झाला. लोक उतरू लागले. दाजी उतरले नाहीत. मला वाटलं, निरोप घेत असतील. दुसरा भोंगा झाला आणि खलाशांनी फळी ओढून घेतली.

“दाजी!” मी ओरडलो. “उतरा! अहो, उतरा!”

त्यांनी ऐकलं. माझ्याकडे बघितलंही. बोट आणि धक्का यांच्यामध्ये पाणी दिसायला लागलं होतं.

दाजी मुंबईला परत आले नाहीत. त्यांच्याकडे तिकीट नव्हतं, अंगावरच्याशिवाय कपडा नव्हता. पुढे तात्या एकटे परतले तेव्हा म्हणाले, “विसरला हो, दुसरं काय? धांदरट आहेच.” मोठ्या वहिनींचं मत पडलं की आबांनीच त्यांचं उपरणं धरून ठेवलं होतं. दोन वर्षांनी आबा गेले. दाजी गावातच राहिले, तिथल्या शाळेत मुलांना चित्रकला शिकवतात असं कानांवर आलं. मी एक पत्र टाकलं होतं, ‘त्या दिवशी का उतरला नाहीत?’ असं सरळच विचारलं होतं. उत्तरात त्यांनी गावच्या आंब्यांबद्दल लिहिलं आणि बयोला अक्षरं येऊ लागल्याचं कळवलं. माझ्या प्रश्नाचं नावही नव्हतं. विसरले, की ठरवून राहिले, की उतरायला हवं हे त्यांना ऐन वेळी समजलंच नाही, या तिन्हींतलं काय खरं ते मी अनेकदा ताडून पाहिलं आहे. कधी एक पटतं, कधी दुसरं.

मी पाहिलं ते एवढंच. हातात दाजींची छत्री घेऊन मी धक्क्याच्या कडेला उभा होतो. बोट वळत होती. आबा एका ट्रंकेवर बसले होते, तोंड आमच्याकडे नव्हे तर मुलाकडे केलेलं. ते दुसरीकडे बघत नव्हते, दप्तर उघडल्याचं सोंग करत नव्हते, उघड्या डोळ्यांनी बघत होते. त्यांच्यासमोर दाजी बयोला दोन्ही हातांनी धरून ताठ उभे होते. बयोनं त्यांच्या पागोट्याचं टोक ओढून काढलं होतं आणि वाऱ्यानं ते सुटत चाललं होतं, तांबडा पट्टा लांबच लांब समुद्रावर फडफडत होता. दाजींना ते कळत होतं. ते सावरायला एक हात मोकळा करावा लागला असता. त्यांनी तो केला नाही.